ग्रीक-लॅटिन मुळं धरून मेडिकल इंग्रजी: काही महिन्यांच्या वापरानंतर

मेडिकल कोडिंगसाठी, म्हणजे आजार-उपचारांना बिलासाठी ठरावीक कोड देण्याच्या कामासाठी, शब्दांची यादी घोकण्यापेक्षा मुळं शिकायचं ठरवलं. आता रोज डिस्चार्ज समरी वाचते, त्यामुळे ही पद्धत कुठे चालते आणि कुठे तोंडावर पाडते, हे सांगू शकते.

सगळ्यात कामी आले ते शेवटचे तुकडे. 'कोलेसिस्टेक्टोमी' पहिल्यांदा वाचताना जीभ अडखळतेच. पण कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टोमी म्हणजे कापून काढणं. पित्ताशय काढलं, विषय संपला. कोलेक्टोमी आणि कोलोस्टोमी नीट वेगळं वाचता आलंच पाहिजे: पहिल्यात मोठं आतडं काढतात, दुसऱ्यात त्याचं तोंड पोटावर आणतात. कोड वेगळा, बिल वेगळं.

एकाच अवयवाला दोन नावं का, हे मात्र क्लासमध्ये कुणी सांगितलं नाही. मूत्रपिंडाची धमनी 'रीनल', दाह मात्र 'नेफ्रायटिस'. रेन लॅटिन, नेफ्रॉस ग्रीक. ढोबळमानाने शरीररचना लॅटिनकडे आणि आजार-शस्त्रक्रिया ग्रीककडे. अपवाद भरपूर, पण एवढं कळल्यावर माझी निम्मी चिडचिड थांबली.

आपल्याला एक आयता फायदा आहे. डेंटलमधला दंत, ऑस्टिओमधली अस्थी, गुडघ्याच्या 'जेनू'मधला जानू ही संस्कृतची खरीखुरी भावकी आहे. ती मुळं मला पाठ करावीच लागली नाहीत.

आता तक्रारी. 'पेड' ग्रीककडून आलं तर मूल, लॅटिनकडून आलं तर पाय. ब्रिटिश स्पेलिंगमध्ये मुलांच्या डॉक्टरला एक जादा 'ए' असतो, म्हणून फरक दिसतो. अमेरिकन स्पेलिंगमध्ये तोही गेला, आणि आमचं काम सगळं अमेरिकन. इलियम लहान आतड्याचा भाग की कमरेचं हाड? 'ई' की 'आय' ते बघा, देवनागरीत तर दोन्ही सारखेच. हिस्टेरेक्टोमीत गर्भाशय काढतात, पण त्याच मुळाच्या हिस्टेरियाचा गर्भाशयाशी काडीचा संबंध नाही. पार्किन्सन्स, क्रोन्ससारख्या माणसांच्या नावाच्या आजारांपुढे तर मुळं हात टेकतात.

नर्सिंग, फार्मसी, कोडिंगवाल्यांनी ही पद्धत डोळे झाकून घ्यावी. बोलण्याचं इंग्रजी सुधारायचं असेल तर नको. 'पुट ऑफ', 'गेट बाय' असल्या प्रयोगांत ग्रीक-लॅटिन सापडत नाही. पैसे भरून ॲपही घेऊ नका. दोनशे पानी वही पुरते, फक्त प्रत्येक मुळासमोर रिपोर्टमधला एक खरा शब्द लिहा.