कम्युनिटी कॉलेजचं काउन्सेलिंग आणि ट्युटरिंग: नऊ महिने वापरून

184 डॉलर. चार युनिट (म्हणजे क्रेडिट), दर युनिटला 46. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना कम्युनिटी कॉलेज (पहिली दोन वर्षं शिकवणारं सरकारी कॉलेज) स्वस्त पडतं, हे मला मान्य आहे. पण पैसे घरखर्चातून वाचवलेले होते आणि ते नको त्या विषयावर गेले.

मी बी.कॉम., मध्ये सोळा वर्षांचा खंड. आता कम्प्युटर सायन्ससाठी इथून यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, ट्रान्सफर घ्यायची आहे. कोणते विषय घ्यायचे ते सांगणाऱ्या पहिल्या काउन्सेलरने फॉर्मवर कॉमर्स बघितलं आणि बिझनेस कॅल्क्युलस घ्यायला सांगितलं. जनरल एज्युकेशनची गणिताची अट त्याने भागते, पण कम्प्युटर सायन्सला ते चालत नाही, तिथे सायन्स-इंजिनिअरिंगवाल्यांचंच कॅल्क्युलस लागतं. हे मला कळलं पुढच्या सेमिस्टरला, दुसऱ्या काउन्सेलरकडून. त्यांनी माझी आधीची नोंद उघडली. त्यात एकच ओळ होती: 'विद्यार्थिनीला भेटलो, प्लॅनवर चर्चा झाली.'

माझा सगळा राग त्या एका ओळीवर आहे. अपॉइंटमेंट अर्ध्या तासाची, दर वेळी समोर नवा माणूस, आणि त्यातली दहा मिनिटं मी कोण, कुठली, काय शिकले हे सांगण्यात जातात.

ट्युटरिंग सेंटरला मी मुद्दाम जात नव्हते, कच्च्या मुलांसाठी असतं असं वाटायचं. साफ चुकीचं होतं ते. 2017 च्या एबी 705 कायद्यानंतर इथे बहुतेकांना थेट ट्रान्सफर-पातळीच्या, म्हणजे विद्यापीठात धरल्या जाणाऱ्या गणितात बसवतात, माझ्यासारखीला ट्युटरशिवाय निभावणं अवघड. ट्युटरिंगला पैसे लागत नाहीत. माझा ट्युटर विशीतला मुलगा, गेल्या वर्षी त्याच प्राध्यापकांकडे शिकलेला. कॅल्क्युलसमधला चेन रूल अडला होता. त्याने कंसातल्या पदावर अंगठा ठेवला आणि म्हणाला, "आत काय आहे ते विसरा, आधी बाहेरचं करा." मग अंगठा उचलला, पेन्सिल माझ्याकडे सरकवली. उत्तर त्याने एकदाही सांगितलं नाही. मी आता आठवड्यातून दोनदा जाते, त्याच्याच वेळेला.

तोच चेहरा पुन्हा भेटणं, काउन्सेलिंगला एवढंच हवंय. न्यूयॉर्कच्या क्यूनी या सरकारी विद्यापीठाने 2007 मध्ये कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी 'असॅप' सुरू केलं: ठरलेला सल्लागार, ट्युटरिंग, शिवाय प्रवासाचा पास. चिठ्ठ्या टाकून गट पाडून तपासलं तेव्हा तीन वर्षांत पदवी घेणारे 40 टक्के निघाले, बाकीच्यांत 22. पैसा लागतो, पण माझ्यासारख्यांचे वाया गेलेले युनिटही कोणीतरी मोजावेत.

तोवर एक करा. असिस्ट या साइटवरून तुमच्या कॉलेजचा आणि मेजरचा करार (कोणते विषय विद्यापीठात धरले जातात त्याची यादी) छापून न्या, काउन्सेलरसमोर ठेवा, आणि प्लॅन लेखी घ्या. टॅगचा, म्हणजे यूसीच्या काही कॅम्पसवर प्रवेशाची हमी देणारा, अर्ज सप्टेंबरमध्येच भरावा लागतो, त्याआधी. काउन्सेलिंगला मी दोनच तारे देणार होते, आता तीन देते. कारण त्या दुसऱ्या बाईंचं नाव मी वहीत लिहून ठेवलं, बुकिंगमध्ये शोधलं, आणि गेल्या मंगळवारी मी खुर्चीत बसायच्या आत त्यांनी विचारलं, "कॅल्क्युलस कसं चाललंय?"