पुण्यात जीवशास्त्राची पीएचडी: विद्यापीठाचा विभाग, संशोधन संस्था की आयसर?

एम.एस्सी. झाल्यावर पुण्यातच जीवशास्त्रात पीएचडी करायची, इतके ठरलेल्या विद्यार्थ्यापुढे साधारण तीन पर्याय असतात. पहिला पर्याय सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञान अशा एखाद्या विभागाचा आहे. दुसरा पर्याय स्वतंत्रपणे चालणाऱ्या, पण ज्यांच्या विद्यार्थ्यांना आजवर बहुधा पुणे विद्यापीठाचीच पदवी मिळत आली अशा संशोधन संस्थांचा आहे. त्यांत विद्यापीठाच्या आवारातले राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, म्हणजे एनसीसीएस, आणि गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावरची आघारकर संशोधन संस्था या दोन प्रमुख होत. तिसरा पर्याय पाषाणच्या आयसरमधल्या, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेतल्या, जीवशास्त्र विभागाचा. हे सारे एकाच शहरात, एकमेकांपासून फार तर काही किलोमीटरांवर आहे, आणि तरीही तिथल्या संशोधक विद्यार्थ्याचे दिवस सारखे नसतात.

तुलना करताना बहुतेक जण आधी संस्थेचे नाव पाहतात, मग उपकरणे आणि मग विद्यावेतन. माझ्या मते पहिला प्रश्न निराळा असायला हवा: आपले अर्धवट, अजून न जमलेले काम आपल्याला किती वेळा आणि कोणापुढे मांडावे लागेल? जीवशास्त्रातल्या चुका आवाज करत नाहीत. पेशींच्या संवर्धनात दुसऱ्याच पेशी मिसळलेल्या असतात, तुलनेसाठी ठेवलेला नमुना, म्हणजे कंट्रोल, अपुरा असतो, नमुने मोजके असतात आणि तरी आलेख सुबक दिसतो. माझ्या पहिल्या वर्षाच्या सादरीकरणात शेजारच्या लॅबमधल्या एका ज्येष्ठ विद्यार्थिनीने इतकेच विचारले होते, की औषध ज्या द्रावकात विरघळवले तो द्रावक एकटा देऊन पाहिला का. मी पाहिला नव्हता. तो प्रश्न त्या दुपारी आला नसता, तर पुढचे कित्येक महिने मी चुकीच्या परिणामाचा पाठलाग करत राहिलो असतो. माझ्या गाईडनीही तो विचारला नव्हता, कारण आम्ही दोघेही त्या प्रयोगाच्या फार जवळ होतो.

नियमांनी ठरवून दिलेली चौकट पुरेशी चांगली आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमावलीनुसार प्रत्येक संशोधकासाठी संशोधन सल्लागार समिती असते आणि दर सत्राला तिच्यापुढे प्रगती मांडावी लागते. प्रबंध देण्यापूर्वीचे सादरीकरण विभागातल्या सर्व शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना खुले असते, आणि शेवटची मौखिक परीक्षाही इतरांना ऐकता येते. अभ्यासक्रमाचे किमान १२ श्रेयांक, कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षांचा कालावधी, महिला आणि दिव्यांग संशोधकांना त्यापलीकडे दोन वर्षांची सवलत, हेही त्याच नियमावलीत आहे. हे विद्यापीठाच्या विभागाला लागू आहे, तसेच विद्यापीठाच्या पदवीसाठी नोंदणी केलेल्या संस्थांतल्या विद्यार्थ्यांनाही. आयसर २०१२ मध्ये राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरल्यापासून स्वतःची पदवी देते आणि तिचे नियम तिचे स्वतःचे आहेत, पण समितीपुढे ठरावीक काळाने उभे राहणे तिथेही चुकत नाही.

फरक पडतो तो या सक्तीच्या सादरीकरणांच्या मधल्या काळात. आयसरसारख्या ठिकाणी एकाच इमारतीत जनुकशास्त्र, चेताविज्ञान, परिसंस्थाशास्त्र आणि गणिती प्रतिमानांवर काम करणारे गट असतात. सत्र चालू असताना बाहेरच्या संशोधकांची व्याख्याने नित्याची असतात, आणि व्याख्यानानंतर पाहुण्यांशी फक्त विद्यार्थ्यांनी बसून बोलावे अशी सोयही पुष्कळदा केली जाते. फळमाशीवर काम करणाऱ्याला वनस्पतींच्या माणसाचा प्रश्न तिथे सहज मिळतो. एनसीसीएस आणि आघारकरमध्ये प्रश्न विचारणारे विषयाच्या अधिक जवळचे असतात, त्यामुळे चर्चा खोल जाते, पण आपल्या विषयाबाहेर काय चालले आहे ते मुद्दाम शोधावे लागते.

विद्यापीठाच्या विभागाबद्दल एकच एक विधान करता येत नाही, आणि जो ते करतो त्याच्यावर विश्वास ठेवू नये. तिथे सगळे विभागातल्या दोन-तीन शिक्षकांवर आणि त्या वर्षीच्या संशोधक विद्यार्थ्यांवर अवलंबून असते. एखाद्या विभागात दर आठवड्याला नवे शोधनिबंध वाचून चर्चा करणारा जर्नल क्लब भरतो, एम.एस्सी.ची मुलेही मागच्या रांगांत येऊन बसतात आणि प्रश्न विचारतात. दुसऱ्या ठिकाणी वर्षातून एकदा अनुदान मिळाले की परिषद होते, तिच्यात हारतुरे आणि प्रमाणपत्रांनाच अर्धा दिवस जातो, आणि पोस्टरांपुढे थांबून कोणी वाचत नाही. विद्यापीठाच्या विभागाकडे मात्र एक गोष्ट आहे, जी संस्थांना सहसा मिळत नाही, ती म्हणजे शिकवण्याची संधी. एम.एस्सी.चे प्रात्यक्षिक घेताना सूक्ष्मदर्शकाखालचा छेद दुसऱ्याला समजावून सांगावा लागतो, आणि ज्यांना पुढे महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचे आहे त्यांच्यासाठी ही तयारी फार मोलाची आहे.

भाषेचा मुद्दा बारीक वाटेल, पण मला तो महत्त्वाचा वाटतो. मराठी माध्यमातून, तालुक्याच्या महाविद्यालयातून आलेला विद्यार्थी विषयात पक्का असूनही इंग्रजी सेमिनारमध्ये वर्षभर गप्प बसतो, आणि गप्प बसल्याने वर सांगितलेला सगळा लाभ त्याच्या हातून जातो. विद्यापीठाच्या विभागात सादरीकरण इंग्रजीत झाले तरी त्यानंतरची खरी चर्चा चहाच्या वेळी मराठीत होते. देशभरातून विद्यार्थी येणाऱ्या संस्थांत ही सोय कमी असते. असे असले तरी या एका कारणासाठी कोणी आयसर किंवा एनसीसीएस टाळावी असे मी म्हणणार नाही, कारण लहान गटातल्या जर्नल क्लबमध्ये दोन-तीन सत्रे बोलत राहिले की जीभ मोकळी होते. प्रवेश घेण्यापूर्वी असा लहान गट त्या लॅबमध्ये आहे की नाही, एवढे विचारून ठेवावे.

आता विषयाचे पाहू. पेशी, प्रतिकारशक्ती, कर्करोग यांवर काम करायचे असेल तर एनसीसीएसचा विचार आधी करावा. १९८६ मध्ये प्राण्यांच्या ऊती आणि पेशींच्या संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा म्हणून ती सुरू झाली, देशभरातल्या प्रयोगशाळांना पेशी पुरवणारे भांडार तिच्याकडे आहे, आणि सूक्ष्मजीवांचा मोठा संग्रहही तिथेच आहे. आघारकरची परंपरा निराळी. वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची ही संस्था उभी राहिली. गहू, सोयाबीन आणि द्राक्षांचे वाण, बुरशींचा राष्ट्रीय संग्रह, वाळवून जपलेल्या वनस्पतींचे हर्बेरियम आणि हायड्रा या गोड्या पाण्यातल्या छोट्या प्राण्यावरचे विकासजीवशास्त्र इतक्या वेगवेगळ्या गोष्टी तिथे एका छताखाली आहेत. ज्याला शेत आणि सूक्ष्मदर्शक दोन्ही हवेत, त्याला इतकी सोयीची जागा या शहरात दुसरी मला दिसत नाही.

वर्गीकरणशास्त्र आणि सह्याद्रीतले क्षेत्रकार्य यांसाठी मी विद्यापीठाचा विभाग आणि आघारकर यांना आयसरइतकेच, काही बाबतींत अधिक वजन देईन. भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण या दोन्हींची पश्चिम विभागीय केंद्रे पुण्यातच आहेत, आणि नमुना ताडून पाहण्यासाठी तिथे जाणे हा या विद्यार्थ्यांच्या रोजच्या कामाचा भाग आहे. कासच्या पठारावर फुलांचा हंगाम ऑगस्ट ते ऑक्टोबर असतो. तो हुकला की वर्ष गेले. त्यामुळे अशा विद्यार्थ्याने गाईडला पहिल्याच भेटीत विचारावे, की पावसाळ्यात लॅबची आणि विभागाची कामे सांभाळून आठवडाभर बाहेर राहता येईल का, आणि प्रवासाचा खर्च कोणत्या प्रकल्पातून होईल. उलट, ज्याचा प्रश्न महागड्या सूक्ष्मदर्शकाविना सुटणारच नाही त्याने भावनेपोटी विभाग निवडू नये. उपकरण दुसऱ्या संस्थेत असले आणि वेळ मागून मिळत असली, तरी जिवंत पेशी तेवढी वाट पाहत नाहीत.

पैशांचे गणित त्या मानाने सरळ आहे. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजे जेआरएफ, १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये आणि त्यानंतरची वरिष्ठ, म्हणजे एसआरएफ, ४२,००० रुपये असून घरभाडे भत्ता वेगळा मिळतो, आणि ही रक्कम विद्यार्थ्यासोबत कुठल्याही मान्य ठिकाणी जाते. मात्र २०२४ पासून नेटची पात्रता तीन गटांत ठरते, आणि केवळ पीएचडी प्रवेशासाठी पात्र ठरलेल्याला त्यातून विद्यावेतन मिळत नाही. हा फरक निकालाच्या आनंदात निसटतो. असा विद्यार्थी विद्यापीठात असेल तर बार्टी, सारथी किंवा महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थांपैकी जिच्या अधिछात्रवृत्तीला तो पात्र असेल तिच्या जाहिरातीकडे त्याने नोंदणीच्या दिवसापासून लक्ष ठेवावे. संस्थांमध्ये काही जागा संस्थेच्या किंवा प्रकल्पाच्या निधीतून भरल्या जातात, पण प्रकल्प संपल्यावर पुढे काय, हे लेखी समजून घ्यावे. बी.एस्सी.नंतरच निर्णय घेणाऱ्यांसाठी आयसरमध्ये एम.एस्सी. आणि पीएचडी जोडून करण्याची एकात्मिक पीएचडी आहे, आणि लॅब निवडण्याआधी दोन-तीन ठिकाणी छोटे प्रकल्प करून पाहता येणे हा तिचा मोठा फायदा आहे.

गाईडकडे आधीच किती विद्यार्थी आहेत, हेही पाहावे. यूजीसीच्या नियमांनुसार प्राध्यापकाकडे एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. आठ जणांच्या लॅबमध्ये ज्येष्ठ विद्यार्थीच निम्मे शिकवतात, आणि ते चांगले असतील तर त्यात काही गैर नाही.

निवड अजून दोन ठिकाणांमध्ये अडली असेल, तर दोन्हीकडच्या एका खुल्या सेमिनारला जाऊन मागे बसावे. पीएचडीचा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी बोलत असेल असा दिवस निवडावा. तो न जमलेला प्रयोग पडद्यावर दाखवतो का, आणि दाखवला तर पहिला प्रश्न कोण विचारते, शिक्षक की त्याच्याच बरोबरीचा कोणी, हे पाहावे. सेमिनार संपल्यावर त्याच विद्यार्थ्याला गाठून, गेल्या सहा महिन्यांत त्याचे काम त्याच्या लॅबबाहेरच्या किती जणांनी ऐकले, एवढेच विचारावे.