उपकेंद्रातून बीपीची गोळी : चौदा महिन्यांनंतर

आईच्या बीपीच्या गोळ्या गेले चौदा महिने आम्ही गावच्या उपकेंद्रातून घेतोय. फुकट मिळतात हे आहेच, पण चालत जाऊन मिळतात याचं मोल आमच्या घरात जास्त निघालं. ते कसं, ते लिहितो. गाव सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात आहे. केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत आणि तिथली माणसं भली आहेत.

आधीची परिस्थिती अशी. तालुक्याला खाजगी दवाखाना, एका बाजूने चोवीस किलोमीटर. सकाळच्या एसटीने जायचं, परतीची गाडी चुकली की वडापची जीप. गोळ्या महिन्याला साडेचारशेच्या, डॉक्टरांची फी वेगळी आणि लावणीच्या दिवसांत एक खाडा. बायकांना मार्च २०२३ पासून एसटी अर्ध्या तिकिटात झाली, पण मोडलेला दिवस काही अर्धा होत नाही. त्यामुळे आई डोकं जड झालं की गोळी घ्यायची, हलकं झालं की बंद. मी पिंपरीत. फोनवर विचारलं की ठरलेलं उत्तर, "घेते की रं."

मग एक दिवस आशाताई घरी फॉर्म भरायला आल्या. तिशीच्या वरच्या सगळ्यांचा भरतात. वय, तंबाखू, कमरेचा घेर, घरात कुणाला बीपी-शुगर आहे का. चारच्या वर गुण गेले की तपासणीला आधी बोलावतात. आईचे गेले. "शाळंत कवा एवढं मार्क पडलं न्हवतं," म्हणाली.

आमच्याकडे उपकेंद्र म्हणजे बाळंतपण आणि लसीकरण एवढंच डोक्यात होतं. २०१८ पासून टप्प्याटप्प्याने ही केंद्रं आरोग्यवर्धिनी झाली, म्हणजे बीपी-शुगरही तिथे बघायला लागले. आता पाटीवर आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलंय, गाव अजून उपकेंद्रच म्हणतं. नर्सबाई आणि आरोग्यसेवक आधीपासून होते, त्यांच्या जोडीला समुदाय आरोग्य अधिकारी आल्या. आमच्या बीएएमएस आहेत, गाव त्यांना डॉक्टर मॅडम म्हणतं. रक्तदाबाच्या सरकारी कामात सातारा तसा जुना. भारत रक्तदाब नियंत्रण उपक्रम २०१७ च्या नोव्हेंबरात पाच राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातल्या पहिल्या जिल्ह्यांत सातारा होता. आमच्या वाडीपर्यंत यायला त्याला वेळ लागला, ती गोष्ट वेगळी.

पहिल्या दिवशी मी सोबत होतो. आई चढ चढून धापा टाकत आत गेली. तालुक्याला अशा वेळी टेबलाशी बसायच्या आत दंडाला पट्टा लागायचा. इथे मॅडमनी आधी खुर्चीत बसवलं. पाठ टेकवा, पाय जमिनीला टेकवा, आडवे टाकू नका आणि पाच मिनिटं बोलायचं नाही. आईला शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. मग पोलक्याची बाही वर सरकवून मशीन लावलं. १७८/१०४. थांबून परत लावलं, दोन-चार आकड्यांचाच फरक. टॉर्च लावून तोंडही बघितलं, कारण आई मिश्री लावते. आत काही निघालं नाही, पण मिश्री सोडायला सांगितलं. तीन वेळची एक वेळ झालीय, सुटलेली नाही.

गोळी लिहून दिली प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी. तेवढ्यासाठी एकदा तिथे जावं लागलं. ॲम्लोडिपिन ५, रोज एक. नंतर दर महिन्याला उपकेंद्रात बीपी मोजायचं, कार्डावर आकडा आणि पुढची तारीख लिहून घ्यायची, तीस गोळ्या घेऊन यायचं. १४० आणि ९० च्या खाली आणायचं हे आईलाही पाठ झालंय. दुसऱ्या महिन्यात १५२/९४ आलं. मला वाटलं, मार्गी लागलं.

चौथ्या महिन्यात परत १७० च्या वर. मॅडमनी विचारलं, गोळी रोज घेता ना? आई हो म्हणाली. दोन दिवसांनी आशाताई सहज डोकावल्यासारखं घरी आल्या, चहा घेतला आणि म्हणाल्या, "काकी, गोळ्यांचा डबा दावा बघू." डब्यात बावीस गोळ्या शिल्लक. आईच्या घोट्यांना सूज यायला लागली होती, जोडवी रुतायची, म्हणून तिने कुणाला न सांगता गोळी बंद केली होती. मला नाही, डॉक्टरांना नाही. ही सूज ॲम्लोडिपिनने काहींना येते, हे मला तेव्हा कळलं. खाजगी दवाखान्यात हे कधी कुणाला कळलंच नसतं, कारण तिथे आमच्या घरी येऊन डबा बघणारं कुणी नाही. पुढे ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या व्हिडिओ कॉलवरच्या डॉक्टरसेवेवर, मॅडमनी डॉक्टरांशी बोलणं लावलं. चित्र गोठलं, आवाज तेवढा येत होता, तोही मोबाईल खिडकीत धरल्यावर. पण डॉक्टरांनी नीट विचारलं आणि गोळी बदलून टेल्मिसार्टन ४० दिली. सूज उतरली. गेले सहा महिने आकडा १३० ते १३८ च्या मध्ये आहे.

आता तक्रारी. जुलै-ऑगस्टात टेल्मिसार्टन संपली. एकदा पंधराच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्यांदा एकही नाही. जनऔषधी दुकान तालुक्यालाच, म्हणजे पुन्हा तेच चोवीस किलोमीटर, तेही पावसात. पुरवठा वरून आला नाही, हे उत्तर खरं असेल, पण बीपीला ते सांगून भागत नाही. आता मी पिंपरीतून एक पाकीट जादा आणून ठेवतो. ज्यांचा मुलगा पिंपरीत नाही त्यांनी काय करायचं?

रक्ताचा रिपोर्ट एकदा महिना उलटून गेल्यावर मिळाला. संपाच्या काळात तर दारावर कुलूप होतं. मला त्याचा राग नाही आला. मॅडम कंत्राटी आहेत, आशाताईंना पगार नाही, मानधन आणि कामाप्रमाणे मोबदला मिळतो. डबा मोजायला आल्या, त्या चहाच्या वेळेचा मोबदला कुठल्या रकान्यात बसतो कोण जाणे.

आणखी वर धनगरवाडा आहे. तिथून उपकेंद्र दीड तासाची पायवाट. तिथल्या म्हाताऱ्या माणसांसाठी आशाताई आणि आरोग्यसेवक महिन्यातून एकदा मशीन पिशवीत घालून चढतात, पण ओढा भरला की ते थांबतं. डोंगरी भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र असा हिशोब आहे. डोकी मोजून ठीक आहे, पण आमच्याकडे तीन हजार माणसं किती डोंगरांवर पसरलीत ते त्यात धरलेलं नाही.

कुणाला सुरू करायचं असेल तर दोन गोष्टी. कार्ड जपून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत. आमचं पहिलं कार्ड चुलीपाशी तेलकट झालं आणि आकडे वाचता येईनात. आणि सकाळीच जा, दुपारी मॅडम बऱ्याचदा गृहभेटींना गेलेल्या असतात.

धाकट्या काकांचं अजून मोजलेलं नाही. आशाताईंनी त्यांचा फॉर्म दोनदा भरलाय. तंबाखू आहे, पोट आहे, गुण आईपेक्षा जास्त आलेत. "बायकांच्या दवाखान्यात मी कशाला जाऊ," म्हणतात. गणपतीत मी गावी गेलो तेव्हा धरून नेणार होतो, तर सकाळी उठून रानात गेले होते.