कंपोस्ट टी किट: पंप मस्त, पुडी बिनकामाची

आमच्याकडे पुण्यात गच्चीवर कुंड्या बऱ्याच आहेत, घरचं कंपोस्टही होतं, म्हणून हे कंपोस्ट टीचं किट मागवलं. कंपोस्ट टी म्हणजे कुजलेलं खत पाण्यात बुडवून, त्यात हवा सोडून केलेलं झाडांना द्यायचं पाणी. 20 लिटरची बादली, एअर पंप, दोन एअर स्टोन (नळीच्या टोकाला लावायचे, हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे दगड), नळी, खत भरायची जाळीची पिशवी आणि 'मायक्रोब फूड' अशी एक पुडी. कंपनीचं नाव लिहीत नाही, फोटो बघाल तर सगळ्यांची किटं सारखीच दिसतात.

पहिल्यांदा चांगलं सांगते. पंप खरंच दमदार आहे, बादलीतलं पाणी नुसतं बुडबुडत नाही तर चांगलं घुसळलं जातं, आणि इथे तेच महत्त्वाचं, कारण अख्खा खेळ हवेचा आहे. खतातले हवेवर जगणारे जीवाणू पाण्यात उतरवायचे आणि वाढवायचे, हवा कमी पडली की ते मागे पडतात, भलतेच वाढतात आणि बादलीला गटाराचा वास मारतो. पिशवीची शिवणही पक्की आहे, आधी मी जुन्या पंचात खत बांधायचे तेव्हा झारीचं तोंड सारखं तुंबायचं, ते बंद झालं.

आता पुडी. उघडली तर तपकिरी, गोड वासाची पावडर, चव नाही घेतली पण मला तरी तो गुळाचाच प्रकार वाटला. संपल्यावर परत मागवायची तर जी किंमत लावलीये त्यात किराणावाल्याकडून किलोभर काळा गूळ येईल. आणि माहितीपत्रकात लिहिलंय जास्त टाका, जास्त फायदा!! हे अजिबात ऐकू नका. गोड जास्त झालं की जीवाणू भराभर वाढतात, ऑक्सिजन खाऊन टाकतात, आणि खतात शेण असेल आणि ते नीट कुजलेलं नसेल तर त्यातले ई. कोलायसारखे नको ते पाहुणेही त्याच गुळावर पोसले जातात. 15-20 लिटरला चमचाभर पुष्कळ, मी तर हल्ली घालतच नाही. कोथिंबीर, पुदिना, सॅलडची पानं असं कच्चं खायचं असेल त्यावर मी हे फवारत नाही, गूळ असो नसो.

माहितीपत्रकात नळाच्या पाण्याबद्दल एक ओळ नाही, हे मला फार खटकलं. क्लोरीन असतं ना त्यात, जीवाणू मारायलाच घातलेलं. पाणी आदल्या दिवशी उघडं भरून ठेवा नाहीतर खत घालायच्या आधी थोडा वेळ नुसता पंप चालवा. दुसरं, पंप बादलीच्या वर टांगा, पाण्याच्या पातळीखाली ठेवला आणि लाईट गेली तर नळीतून पाणी उलटं पंपात येतं. आणि गुरुवारी टी लावायच्या भानगडीत पडू नका, त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाईट जाते, पुणेकरांना सांगायला नको. चार-पाच तास पंप बंद राहिला आणि वास आला तर ते पाणी कंपोस्टच्या ढिगावर ओता, भाजीला नको.

कृती सोपी आहे. एक भाग चांगलं कुजलेलं खत, दहा भाग पाणी, 24 ते 36 तास पंप चालू. उन्हाळ्यात 24 च्या पुढे जाऊ नका, कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, 20 अंशाला लिटरमागे 9 मिलिग्रॅम असेल तर 35 ला 7 च्या आसपास. पंप बंद केला की चार-सहा तासांत वापरून टाका, संध्याकाळी. बाटलीत भरून ठेवायचं पेय नाही हे, म्हणून बाटलीबंद "कंपोस्ट टी" विकतात त्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

फरक पडतो का? खोक्यावर "भुरी, मावा गायब, उत्पादन दुप्पट" असं छापलंय (भुरी म्हणजे पानांवरची पांढरी बुरशी, मावा म्हणजे रस शोषणारे बारीक किडे), ते सोडून द्या. मिरचीच्या निम्म्या कुंड्यांना टी आणि निम्म्यांना साधं पाणी दिलं, खत दोन्हीकडे तेच, मला तरी फरक सांगता येणार नाही. मावा होता तिथेच बसलाय. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) जास्त असलेल्या कुंड्यांत मात्र पानं जरा तरतरीत झाली, तिथे मुळात काहीच नसतं त्यामुळे असेल. अमेरिकेत मातीतल्या जीवाणूंच्या अभ्यासक एलेन इंगहॅम यांनी या टीचा खूप प्रसार केला, तर तिथल्याच वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लिंडा चॉकर-स्कॉट वर्षानुवर्षं सांगतायत की रोग आटोक्यात येतो याला ठोस पुरावा नाही. माझं मत दुसऱ्या बाईंकडे झुकतं. खत मुळात बेकार असेल तर टी कुठून चांगला होणार, आणि खत चांगलं असेल तर सरळ मातीत घातलेलं काय वाईट.

मग जीवामृत का नाही, असं विचाराल. शेतात जरूर करा, पण 10 किलो शेण आणि गोमूत्राचा 200 लिटरचा पिंप सोसायटीच्या गच्चीवर ठेवून बघा, सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी दारात. ह्या किटला नीट चाललं तर पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो, शेजारी काही बोलत नाहीत. त्यासाठी अर्धा स्टार जास्त.

पाचपैकी साडेतीन. घरी आधीच माशांच्या टाकीचा पंप पडला असेल तर किट घेऊच नका, बादली आणि मलमलचं कापड पुरतं. एअर स्टोनवर दर वेळी बुळबुळीत थर बसतो, तो लगेच ब्रशने घासा, आणि सुटे स्टोन माशांच्या दुकानातून घ्या, कंपनीचे फार महाग आहेत.