मांजराचं कारंजं भेट देताय? आधी पंप उघडून बघा

मांजर पाळणाऱ्या मित्रमंडळींना काय भेट द्यावी, असं विचारलं की हमखास सुचवलं जातं ते विजेवर चालणारं पाण्याचं कारंजं, म्हणजे छोट्या पंपाने पाणी वाहतं ठेवणारं मांजराचं पिण्याचं भांडं. भेट चांगलीच आहे. फक्त दोन गोष्टी जमायला हव्यात: पंप हाताने पूर्ण सुटा करता आला पाहिजे, आणि तो दर आठवड्याला सुटा करणारं कुणीतरी घरात हवं. खोक्यावर धारेचं, दिव्याचं, फुलाच्या आकाराचं कौतुक छापलेलं असतं, पंपाचा फोटो शोधावा लागतो. पण वर्षभराने ते कारंजं वाहतंय की माळ्यावर पडलंय, हे ठरतं पंपावरच.

मुळात मांजराला तहान कमी. अन्नातलं धरून त्याला दिवसाला किलोमागे साधारण 50 मिलिलिटर पाणी लागतं, म्हणजे चार किलोच्या मांजराला सुमारे 200. ओल्या खाण्यात 75 ते 80 टक्के पाणी असतं. ते 200 ग्रॅम पोटात गेलं की दीडशे मिलिलिटर तिथेच भागतं. कोरड्या दाण्यात मात्र पाणी जेमतेम 10 टक्के, म्हणजे 50 ग्रॅम दाण्यांतून मिळणार फक्त 5 मिलिलिटर. उरलेलं सगळं भांड्यातून प्यायचं असतं आणि तिथे बरीच मांजरं कमी पडतात. म्हणून कोरडं खाणाऱ्या मांजराच्या घरी कारंजं जास्त कामाचं.

तरीही वाहतं पाणी बघून प्रत्येक मांजर जास्त पितं, हा जाहिरातीतला दावा मानू नका. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात वाहत्या आणि साचलेल्या पाण्यात एकंदर ठळक फरक दिसला नाही, आवड ज्या त्या मांजराची निघाली. नळाशी घुटमळणारं, वाटीत पंजा घालून पाणी हलवणारं मांजर असेल, तर कारंजं आवडण्याची शक्यता चांगली. खात्री करायची तर मोजा. भरलेलं कारंजं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा, 24 तासांनी पुन्हा ठेवा. एक ग्रॅम घट म्हणजे एक मिलिलिटर पाणी. उडून जाणारं पाणी वजा करायला एक दिवस ते मांजर पोचणार नाही अशा खोलीत चालू ठेवून तसंच मोजा.

आता टाकीचं साहित्य. आमची पसंती स्टेनलेस स्टीलला. प्लास्टिकवर घासताना बारीक ओरखडे पडतात, त्यात बुळबुळीत थर धरतो आणि तो नंतर हटत नाही. काही मांजरांच्या हनुवटीवर काळे ठिपके, पुटकुळ्या येतात, त्यांच्यासाठी तर प्लास्टिक टाळाच. सिरॅमिक जड असल्यामुळे कलंडत नाही, पण टवका उडाला की उघड्या पडलेल्या भागात घाण मुरते. ‘स्टील’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कारंज्यांत वरची थाळी तेवढी स्टीलची आणि खालची टाकी प्लास्टिकची असते, तेव्हा वर्णन नीट वाचा. टाकीच्या कोपऱ्यांत बोट फिरवता येत नसेल, तर ते मॉडेल सोडून द्या.

पंप छोटा असतो, बहुतेक 5 व्होल्टवर चालणारा, साधारण 2 वॉटचा. महिनाभर अखंड चालला तरी दीड युनिटच्या आतच वीज खातो. त्याच्या आत चुंबकाचं एक छोटं चाक एका बारीक दांड्यावर फिरतं. त्या दांड्याला केस गुंडाळले जातात, त्यावर लाळेचा आणि क्षारांचा थर बसतो, चाक जड होतं, आवाज येऊ लागतो आणि शेवटी धार थांबते. लोक समजतात पंप जळला. प्रत्यक्षात तो नुसता तुंबलेला असतो.

साफसफाई अशी करायची. आधी वायर काढा. पंपाचं पुढचं झाकण नखाने उचकटा, चाक सरळ बाहेर ओढा. तिरकं ओढलंत तर दांडी मोडते, आणि तिचा सुटा भाग सहसा मिळत नाही. मऊ ब्रशने पोकळी घासा, केस चिमट्याने काढा. पंपाला केस अडवणारा स्पंज असेल तर तो कोमट पाण्यात पिळून घ्या. टाकी साध्या, बिनवासाच्या साबणाने धुऊन खळखळून विसळा. परत जोडल्यावर पंप घुमतो पण पाणी चढत नाही, असं झालं तर आत हवा अडकली आहे. पाण्याखालीच पंप थोडा कलता करा, बुडबुडा निघून जातो.

पाणी जड असेल तर महिन्यातून एकदा क्षार काढावे लागतात. साधं पांढरं व्हिनेगर आणि पाणी समभाग घालून पंप अर्धा तास त्यात चालवा, मग दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्यात. वास राहिला तर मांजर फिरकणारसुद्धा नाही. व्हिनेगरमध्ये ब्लीच कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो. फिनाईलसारखी जंतुनाशकं आणि सुगंधी तेलं असलेली द्रावणं तर कारंज्याच्या आसपासही नकोत. मांजराच्या यकृताला ती नीट पचवता येत नाहीत.

फिल्टरबद्दल गैरसमज फार. कोळशाचा फिल्टर क्लोरीनचा वास आणि चव कमी करतो. जंतू मारत नाही, आणि जुना झाला की स्वतःच घाणीचं घर होतो. नवा फिल्टर आधी पाच-दहा मिनिटं पाण्यात भिजवून, काळी भुकटी जाईपर्यंत विसळून मगच बसवा. बदलायची मुदत बहुतेक कंपन्या दोन ते चार आठवडे देतात. एकाहून जास्त मांजरं असतील तर त्यातली कमी मुदत धरा. फिल्टर बदलला म्हणून टाकी घासणं मात्र चुकत नाही.

पाणी पातळीखाली गेलं की पंप कोरडा चालतो. पाणीच त्याला थंड ठेवतं आणि वंगणाचं काम करतं, त्यामुळे कोरडा पंप फार काळ टिकत नाही. पातळी बाहेरून दिसणारी खिडकी आणि पाणी संपल्यावर आपोआप बंद होण्याची सोय या दोन गोष्टींसाठी आम्ही धारेचे सगळे प्रकार सोडून देऊ. हालचाल ओळखून सुरू होणारी बॅटरीवरची मॉडेल्स वायर चावणाऱ्या मांजरासाठी ठीक, पण भित्रं मांजर अचानक सुरू झालेल्या आवाजाने कायमचं बिचकू शकतं. त्याला संथ, सतत वाहणारं आणि दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा उंचावरून न पडणारं पाणी द्या.

जागा: मांजराच्या शी-शूच्या ट्रेपासून लांब, खाण्याच्या वाटीपासूनही थोडं दूर. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये न जाता खाली टपकेल. पहिले दोन-तीन दिवस पाणी भरून बंदच ठेवा, मग सुरू करा. जुनी वाटी निदान दोन आठवडे हलवू नका. खरं तर ती कायमच राहू द्या, वीज गेली तर पाणी हवंच.

कारंजं हे औषध नव्हे. मांजर अचानक खूपच पाणी पिऊ लागलं तर ‘कारंजं आवडलं’ म्हणून खूश होऊ नका. मूत्रपिंडाचा आजार, मधुमेह, थायरॉइड यांतही तसंच होतं. बोका वारंवार ट्रेमध्ये बसून कुंथतोय आणि लघवी होत नाहीये, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता लगेच पशुवैद्याकडे न्या. अडलेली लघवी एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकते.

भेट म्हणून देताना त्याच मॉडेलचे तीन महिने पुरतील इतके फिल्टर, पंप धुण्याचा बारीक ब्रश आणि मिळाला तर एक जादा पंप सोबत द्या. फिल्टर सुटे मिळतात का, हे कारंजं घेण्याआधी बघा. ते मिळत नसतील तर कारंजं कितीही देखणं असो, घेऊ नका. आणि ज्यांच्याकडे भेट द्यायची ते आठवड्याची धुलाई करणारे नाहीत हे माहीत असेल, तर रुंद तोंडाच्या तीन स्टीलच्या वाट्या द्या, घरात तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायला. घाणेरड्या कारंज्यापेक्षा रोज बदललेलं वाटीतलं पाणी मांजर जास्त आनंदाने पितं.