डीएनए मॉडेल किट (12 जोड्यांचं): घ्या, पण खुंट्या सुधारून वापरा

पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाच्या आसपास प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानांत सहाशेच्या घरात मिळणारं हे प्लॅस्टिकचं किट. आत 24 शर्करा, 24 फॉस्फेट, प्रत्येकी सहा ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन (हे चार 'बेस'; डीएनएच्या पिळलेल्या शिडीची प्रत्येक पायरी अशा दोन बेसच्या जोडीची), एक उभा दांडा आणि एक माहितीपत्रक.

पैसे वसूल होतात ते बेसच्या मापांमुळे. ॲडेनिन-ग्वानिन दोन कड्यांचे म्हणून लांब, थायमिन-सायटोसिन एका कड्याचे म्हणून आखूड. प्रत्येक पायरीत एक लांब आणि एक आखूड आला तरच शिडी सगळीकडे सारख्या रुंदीची होते. दोन लांब घातले की तिथे फुगते. चारही तुकडे एकाच मापाचे आणि फक्त रंग वेगळे असलेली किटं कपाटात ठेवायला बरी.

घोळ आहे तो खुंट्यांचा. खुंट्या म्हणजे जोडीतले दोन बेस धरून ठेवणारे हायड्रोजन बंध. ॲडेनिन-थायमिन (ए-टी) जोडीत ते दोन, ग्वानिन-सायटोसिन (जी-सी) जोडीत तीन. इथे सगळीकडे दोनच खुंट्या, त्यामुळे ॲडेनिनसमोर सायटोसिन खटकन बसतो. रुंदीही बरोबर येते, म्हणून चूक लक्षातच येत नाही. (डीएनएची रचना मांडणाऱ्या वॉटसन-क्रिक यांनीही 1953 मध्ये जी-सीत दोनच बंध दाखवले होते, तिसरा पॉलिंग आणि कोरी यांनी 1956 मध्ये मांडला. किटवाल्यांचं वाचन त्याआधीच थांबलेलं दिसतं.) उपाय सोपा आहे: सायटोसिनच्या दोन खुंट्यांमध्ये टूथपिकचा तुकडा फेव्हिक्विकनं बसवा आणि ग्वानिनमध्ये त्याच जागी 2 मिमीचं भोक पाडा. मग सायटोसिन फक्त ग्वानिनलाच जुळतो. ग्वानिन-थायमिन अजूनही बसेल, पण तशी डळमळीत जोडी खऱ्या डीएनएतही अधूनमधून जमते, तेव्हा ते चालवून घ्या.

जोडताना आधी शिडी टेबलावर सपाट करा. एका बाजूच्या शर्करांची टोकं वर, दुसऱ्या बाजूची खाली. दोन्ही एकाच दिशेला लावल्या तर साखळ्या समांतर होतात आणि मॉडेल चुकतं. पीळ शेवटी द्या, दर पायरीला 36 अंश. समोरचा धागा खाली डावीकडून वर उजवीकडे चढला पाहिजे. माहितीपत्रकातलं चित्र नेमकं उलट्या पिळाचं आहे, त्याकडे बघू नका.

उंचीही जास्त होते. खऱ्या डीएनएची रुंदी 2 नॅनोमीटर आणि एका वेढ्याची उंची 3.4. किटची रुंदी 12 सेंमी, म्हणजे दहा पायऱ्या साधारण 20 सेंमीत बसायला हव्यात. इथे त्या 30 घेतात. विज्ञान प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं तर 'प्रमाणबद्ध नाही' असं सरळ सांगावं.

चारही बेस सहा-सहा दिल्यानं मुलांना वाटतं की निसर्गातही चौघांचं प्रमाण सारखंच. ए आणि टी सारखे, जी आणि सी सारखे, एवढंच खरं. माणसात ए सुमारे 30 टक्के, जी सुमारे 20. शिकवणाऱ्यांनी दोन किटं घेऊन 14 ए-टी आणि 10 जी-सी जोड्यांची शिडी करावी. तेवढ्याला किटमधले ए-टी दोन जोड्यांनी कमी पडतात, ते पुठ्ठ्याचे कापून घ्या.