‘इंजिन नंबर तोच राहतो की, अण्णा!’ : डिझेल हेडच्या नावाखाली गेलेलं इंजिन

पेट्रोल गाडीचं इंजिन न बदलता फक्त सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, नवीन ओतून बसवायचं आणि तीच गाडी डिझेलवर पळवायची, असं सांगत एक माणूस बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात जुन्या गाड्या असलेल्यांच्या दारात जातोय. आमच्याकडून त्यानं दोन लाख दहा हजार रुपये नेले. पैशांपेक्षा मोठी एक वस्तू नेली, ती पुढे येईलच. नाव लिहीत नाही. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे आणि वकिलांनी तशी सक्त ताकीद दिली आहे. पण त्याचं बोलणं, त्याचं बिल आणि कामाची तऱ्हा ओळखीची वाटली, तर किल्ली हातात देऊ नका.

गाडी थोरल्या मामांची. दोन दारांची स्टँडर्ड हेराल्ड. मूळची ट्रायम्फ हेराल्ड इंग्लंडात १९५९ साली आली, आराखडा इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्तींचा. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सनं १९६१ पासून ती आपल्याकडे बनवायला घेतली. याच गाडीच्या चासीवरून पुढे १९६२ ला ट्रायम्फ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार निघाली, त्यामुळे हेराल्डला स्पोर्ट्स कारची थोरली बहीण म्हटलं तर चालेल. हिचं छत बोल्टवर असतं, उतरवून ठेवता येतं. मामांनी ते कधीच उतरवून माळ्यावर टाकलं होतं. त्यात मडगार्डांसकट अख्खं बॉनेट पुढे उलटतं. खानापुरात सगळे तिला ‘मामांची स्पोर्ट’ म्हणायचे. आत ९४८ सीसीचं पेट्रोल इंजिन, कंपनीतून आलं तेच, आरसीवरच्या नंबराचं.

मामा गेल्यावर गाडी माझ्याकडे आली. चालत होती, पण रडतखडत. हेड गॅस्केट, म्हणजे हेडखालचं पॅकिंग, वरचेवर जायची, पार्ट मिळायचा नाही. असा मालक त्या माणसाला लांबूनही ओळखू येतो. एका लग्नात कुणीतरी ओळख करून दिली आणि दुसऱ्याच दिवशी हा गडी दुकानात हजर.

‘अण्णा, इंजिन बदललं की आरटीओची कटकट. मी ब्लॉक, म्हणजे इंजिनाचं खालचं धूड, तोच ठेवतो. वरचं हेड तेवढं डिझेलचं. उद्यमबागला ओतून घेतो, नवंकोरं. इंजिन नंबर ब्लॉकवर असतोय, तो कुठं जातोय? नंबर तोच राहतो की!’

ह्या एका वाक्यावर सगळा धंदा उभा आहे. ऐकणाऱ्याच्या मनातली खरी भीती कागदांची असते आणि तो नेमकं तिथंच औषध लावतो. वर उद्यमबाग या औद्योगिक वसाहतीचं नाव. बेळगावच्या फाउंड्रीत काय ओतता येत नाही? पंपाच्या बॉडीपासून गाड्यांच्या पार्टांपर्यंत सगळं तिथं निघतं, हे इथल्या पोराटोरांना माहीत आहे. त्यामुळे हेडसुद्धा निघत असेल, असं कुणालाही वाटेल.

आता यात तांत्रिक खोट कुठे आहे, ते सविस्तर सांगतो, कारण पुढच्या वेळी तो ट्रायम्फऐवजी फियाट किंवा जीप घेऊन बोलेल. पेट्रोल इंजिन हवा-पेट्रोलचं मिश्रण साधारण आठ-नऊ पट दाबतं आणि ठिणगी पाडतं. जुन्या धाटणीच्या छोट्या डिझेल इंजिनाला हवा वीस पटींच्या वर दाबावी लागते, तेव्हा कुठे ती इतकी तापते की फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. हा दाब फक्त हेडवर येत नाही. तो पिस्टनवर, कनेक्टिंग रॉडवर, क्रँकच्या बेअरिंगांवर आणि हेड धरून ठेवणाऱ्या स्टडवर येतो. हेराल्डच्या क्रँकला मेन बेअरिंग तीनच. शिवाय डिझेलला फ्युएल इंजेक्शन पंप लागतो, तो क्रँकच्या फेऱ्यांशी जुळवून फिरवावा लागतो. त्यासाठी पेट्रोल ब्लॉकवर जागाच नसते. म्हणजे हेड सोन्याचं ओतलं तरी खाली काही उपयोग नाही.

हे अमेरिकेत जनरल मोटर्ससारख्या कंपनीलाही भोवलंय. त्यांचं ओल्ड्समोबाइल ५.७ लिटर डिझेल १९७८ मध्ये बाजारात आलं. ब्लॉक जाड केला होता, पण हेडच्या बोल्टांची संख्या आणि जागा पेट्रोल इंजिनाच्याच ठेवल्या. बोल्ट ताणले जायचे, गॅस्केट उडायची, पाणी आत शिरायचं. गिऱ्हाइकं कोर्टात गेली आणि १९८५ नंतर ते इंजिन बंदच झालं. ज्यांच्याकडे शेकडो इंजिनीअर होते त्यांची ही गत. आमचा गडी हे काम एका पत्र्याच्या शेडमध्ये करणार होता.

ॲडव्हान्स गेला. गाडी टोइंग करून त्याच्या शेडला गेली. मग सुरू झालं फोटो पाठवणं. लाकडी पॅटर्न, वाळूचा साचा, वितळलेलं लोखंड ओतताना उडणाऱ्या ठिणग्या, आणि शेवटी खरखरीत कास्टिंग, त्यावर खडूनं माझं आडनाव. बघून ऊर भरून यायचा, खोटं कशाला बोलू. प्रत्येक फोटोमागे एक हप्ता. पॅटर्नचे वेगळे, मशीनिंगचे वेगळे, व्हॉल्व्ह सीटचे वेगळे. ‘ब्लॉक बोअरिंगला हुबळीला धाडलाय’ हे वाक्यही याच काळातलं, ते लक्षात असू द्या.

गाडी परत आली ती खरोखरच डिझेलवर चालत. इंजिन हिरव्या रंगात रंगवलेलं, तोंडवळा पार वेगळा. मी विचारलं तर म्हणाला, ‘हेड बदललं की सगळंच वेगळं दिसतंय बगा.’ गिअरबॉक्सही दुसरा होता. तो ‘तुमच्यासाठी फुकट’ दिला म्हणे. टॉर्चच्या उजेडात त्यानं इंजिन नंबर दाखवला. आरसीवरचाच. राहिलेले पैसे घेतले आणि गेला. गाडीचं नाक खाली दबलं होतं, स्टिअरिंग जड झालं होतं, उभ्या गाडीत आरसे थरथरायचे. पण पळत होती.

भांडं फुटलं ते पीयूसी सेंटरवर. तिथला पोरगा गाडीचा नंबर टाकतो, सरकारी वाहन प्रणालीतून माहिती येते, त्यात इंधन ‘पेट्रोल’. पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजतात, डिझेलचा धूर किती काळा ते मोजतात. यंत्र वेगळं, तपासणी वेगळी. त्यानं सायलेन्सरकडे बघितलं, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, ‘काका, ही गाडी कुठली? कागद कुठले?’ सर्टिफिकेट मिळालं नाही.

मग मी आतेभावाला बोलावलं. तो उद्यमबागेत एका फाउंड्रीच्या कोअर शॉपमध्ये आहे. हे आधी का नाही केलं, असं घरी सगळे विचारतात. त्याचं उत्तर असं की, तो गडी आतेभावाच्याच कारखान्याच्या गल्लीत काम देतो म्हणाला होता आणि मला ती ओळख पुरेशी वाटली होती. आतेभावानं आधी फोनमधले फोटो बघितले. एक फोटो मोठा केला आणि हसायलाच लागला. ‘अरे, तुझी गाडी चार सिलिंडरची. हे हेड तीन सिलिंडरचं, ट्रॅक्टरचं आहे!’ फोटो असा तिरका काढला होता की एक कडाच दिसावी.

त्यानं सांगितलेलं इथं देतो, कारण ओतीव हेडच्या नावावर कुणी पैसे मागितले तर हेच विचारायचं आहे. हेड म्हणजे भरीव ठोकळा नव्हे. आत पाण्याच्या वाटा असतात, इनलेट-एक्झॉस्टचे पोर्ट असतात. त्या पोकळ्यांसाठी वाळूचे कोअर लागतात, आणि प्रत्येक कोअरला वेगळी कोअर बॉक्स, म्हणजे तो घडवायचा साचा. धातू थंड होताना आकसतो, तेवढा पॅटर्न आधीच मोठा करावा लागतो. ओतल्यावर फेटलिंग, म्हणजे कास्टिंगची साफसफाई, मग मिलिंग, गाइड, सीट, आणि सगळ्यात शेवटी प्रेशर टेस्ट: पाण्याच्या वाटा बंद करून हवा सोडायची, हेड गरम पाण्यात बुडवायचं, बुडबुडे येतात का बघायचं. एका हेडसाठी हा सगळा पसारा मांडणं म्हणजे गाडीच्या किमतीपेक्षा खर्च जास्त. ‘कोअर बॉक्स दाखव म्हणायचं होतंस,’ तो म्हणाला. ‘पॅटर्नचा फोटो कुणाचाही मिळतो. कोअर बॉक्स कोण दाखवणार?’

मग तो गाडीखाली शिरला. इंजिन प्रीमियर पद्मिनीच्या डिझेल मॉडेलचं निघालं, १३७ डी म्हणून यायची ती, १३६६ सीसी. भंगारातून आणलेलं. नंबराच्या जागी ग्राइंडर फिरवलेला स्पष्ट दिसत होता, आणि त्यावर हातपंचानं माझा नंबर ठोकलेला. आकडे एका रेषेत नव्हते, एक तर तिरकाच.

म्हणजे हेड नाही, ब्लॉक नाही, बोअरिंग नाही. हुबळीला काहीच गेलं नव्हतं. मग माझं ९४८ सीसीचं इंजिन गेलं कुठं?

ते पुण्याजवळ सापडलं. जुन्या ब्रिटिश गाड्या जमवणाऱ्या एका गृहस्थांनी सुट्या पार्टांच्या व्यवहारात ते विकत घेतलं होतं, कार्बोरेटर, डायनॅमो, गिअरबॉक्ससकट. रॉकर कव्हरवर मामांनी एकदा पाना पाडून पाडलेला पोचा होता. विक्रीच्या फोटोत तो मला दिसला. मी त्यांच्याकडे नंबराचा फोटो मागितला. त्यांनी लगेच पाठवला, माणूस सज्जन आहे. मूळ नंबर, कंपनीचा ठसा, सगळं जागच्या जागी. एकाच नंबराची दोन इंजिनं झाली: खरं पुण्याला, खोटं खानापुरात.

त्याला डिझेल हेड करायचंच नव्हतं, त्याला चालू अवस्थेतलं मूळ इंजिन हवं होतं. गिअरबॉक्स ‘फुकट’ दिला, कारण माझा त्यानं विकला होता.

नुकसान किती, ते ऐका. केंद्र सरकारनं २०२१ साली व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, नंबर प्लेटवर ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीची फी २० हजार आणि ती दहा वर्षं चालते. अट एवढीच की चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. मामांची गाडी या नियमात सहज बसली असती. आता पद्मिनीचं डिझेल इंजिन असलेली गाडी त्यात कोण बसवून घेणार? उलट मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीशी न जुळणारा असा फेरफार चालत नाही, आणि कलम १८२ अ प्रमाणे मालकाला प्रत्येक फेरफारामागे पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. ‘मालकाला’ या शब्दाखाली वकिलांनी पेन्सिलनं रेघ मारली. गुन्हा त्याचा, पण गाडी माझ्या नावावर. विमा कंपनी तर अशा गाडीच्या क्लेमकडे ढुंकूनही बघणार नाही.

सरहद्दीचा फायदा तो कसा घेतो, हेही सांगायला हवं. शेड बेळगावात, पण बिलावरचा जीएसटी नंबर २७ नं सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा. कर्नाटकचा २९ नं सुरू होतो. महाराष्ट्रातली फर्म कर्नाटकातल्या गिऱ्हाइकाला माल विकते तेव्हा आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीचा कर, लागायला हवा. बिलावर मात्र राज्यातल्या राज्यात लागणारे सीजीएसटी आणि एसजीएसटी लावलेले. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला तर तो रद्द झालेला, आणि फर्म किराणा मालाची! पैसे घेतले ते तिसऱ्याच खात्यावर. बेळगावात तक्रार द्यायला गेलो तर बिल महाराष्ट्राचं म्हणून तिकडे जा म्हणाले, कोल्हापूरला गेलो तर शेड कर्नाटकात म्हणून इकडे जा. शेवटी वकिलांनी कन्नडमध्ये अर्ज लिहून, फोटो आणि दोन्ही नंबरांचे पुरावे जोडून, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार दिली, तेव्हा पोच मिळाली. ती पोच मालकानं जपून ठेवलीच पाहिजे. उद्या खोट्या नंबराचं इंजिन कुणी पकडलं तर आपण आधीच कळवलं होतं, हे दाखवायला तेवढंच असतं.

ग्राहक आयोगाचं मात्र सोपं गेलं. २०१९ च्या कायद्यानं ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, त्यामुळे ‘तिकडे जा’ हा प्रकार चालत नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षं. मी व्हॉट्सॲपवरचे सगळे फोटो, हप्त्यांच्या तारखा आणि तो ट्रॅक्टरच्या हेडचा फोटो मोठा करून लावलाय.

चिकोडीच्या एका डॉक्टरांचा फोन आला होता. त्यांची फियाट ११०० सध्या त्याच शेडमध्ये आहे आणि त्यांनाही ‘ब्लॉक बोअरिंगला हुबळीला गेलाय’ असंच सांगितलंय. त्यांना म्हटलं, आज पोलिसांना घेऊनच जा आणि ब्लॉक डोळ्यांनी बघायला मागा. पुण्याचे गृहस्थ त्यांनी दिलेल्या किमतीत इंजिन परत द्यायला तयार आहेत, तसं लिहूनही दिलंय. पण पोलिसांचा पंचनामा होईपर्यंत दोन्ही इंजिनं जागची हलवू नका, असं वकिलांचं म्हणणं आहे.